बॉनेटवरचा आकडा आणि मैदानातला न्याय

हैदराबादच्या हुसेनसागर तलावाभोवतीच्या रस्त्यांवर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘फॉर्म्युला ई’ ही विजेवर धावणाऱ्या मोटारींची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. भारतातील अशी ती पहिलीच शर्यत. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली, आयोजनाच्या खर्चावरून तेलंगणात राजकीय वाद पेटला आणि चौकशीही सुरू झाली. तो वाद हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो त्या शर्यतीतील एका साध्या नियमाचा. मुख्य शर्यतीत कोणत्याही मोटारीला ३०० किलोवॅटपेक्षा अधिक शक्ती वापरता येत नव्हती. ठरावीक मिनिटांपुरतीच ३५० किलोवॅटची मुभा होती. ही मर्यादा पाळली गेली की नाही, हे चालकाच्या शब्दावर किंवा मोटारीच्या अंगावर रंगवलेल्या आकड्यावर ठरत नव्हते, तर प्रत्यक्ष नोंदींवरून तपासले जात होते. स्पर्धेत कौशल्याची कसोटी लागावी, असे वाटत असेल तर शक्ती आधी मोजावी लागते, हे तत्त्व त्यामागे होते.

त्याच हैदराबादहून मुंबईकडे निघालेल्या महामार्गाने शंभरेक किलोमीटर गेले की संगारेड्डी जिल्ह्यातील जहीराबाद लागते. तेथे महिंद्रा कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना २०१३ पासून चालू आहे. १५ ऑगस्ट २०२३ रोजी केप टाउन येथे जगासमोर आलेली ‘ओजा’ ही छोट्या ट्रॅक्टरांची मालिका याच कारखान्यात तयार होते. भारतीय बाजारासाठी त्या वेळी जाहीर झालेली सात मॉडेल २० ते ४० अश्वशक्तीच्या पट्ट्यातील होती. ट्रॅक्टर विकत घेणारा शेतकरी सर्वप्रथम विचारतो तो प्रश्न हाच : किती एचपीचा?

ग्रामीण भागात ट्रॅक्टरांच्या ज्या स्पर्धा भरतात, त्यांतही पहिला प्रश्न हाच असतो. पंजाब आणि हरियाणात दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडतात आणि कोण कोणाला ओढून नेतो ते पाहतात. त्या खेळाला तेथे ‘टोचन’ म्हणतात. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढणे या अर्थाने तो शब्द आपल्याकडच्या रस्त्यांवरही परिचित आहे. उत्तर कर्नाटकात आणि पश्चिम महाराष्ट्रात भरलेली ट्रॉली ओढण्याच्या किंवा ट्रॉलीसह ट्रॅक्टर मागे नेण्याच्या स्पर्धा जत्रांतून होतात. ट्रॉली मागे नेण्यात हाताचे कसब लागते, तेथे शक्तीचा प्रश्न दुय्यम. मात्र ओढण्याच्या स्पर्धेत तोच मुख्य, आणि तेथे गट पाडण्याचा आधार सामान्यतः बॉनेटवरचा आकडा किंवा मॉडेलचे नाव एवढाच असतो. हैदराबादेतील शर्यतीत जे मोजले गेले, ते येथे गृहीत धरले जाते. हा फरक केवळ श्रीमंत आणि गरीब खेळातला नाही. बॉनेटवरच्या त्याच आकड्याभोवती शेतकऱ्याचे कर्ज, सरकारी अनुदान आणि प्रदूषणाचे नियम फिरत असल्यामुळे हा प्रश्न मैदानाबाहेरही तितकाच गंभीर आहे.

दातांवरून पडणारे गट

शक्तीच्या स्पर्धेत समानांशी समानांची लढत व्हावी, ही कल्पना आपल्या खेड्यांना नवी नाही. तेलंगणात आणि शेजारच्या आंध्र प्रदेशात संक्रांत, महाशिवरात्र आणि गावोगावच्या जत्रांत बैलांकडून जड शिळा ओढून नेण्याच्या स्पर्धा होतात. तेलुगूत त्यांना ‘बंड लागुडू’ म्हणतात. ओंगोल जातीच्या धिप्पाड बैलजोड्या त्यांत उतरतात. ठरावीक वेळात शिळा किती अंतर गेली यावर निकाल लागतो. या स्पर्धांचे गट बैलांच्या दातांवरून पडतात : दुधाचे दात असलेली जोडी, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि त्यावरची वयस्क जोडी. दात पाहण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. मालकाने काहीही सांगितले तरी पंच जबडा उघडून पाहतो आणि प्रश्न मिटतो.

या पद्धतीत एक मोठे शहाणपण आहे. गट ठरवणारे लक्षण तिघांना तपासता येते : मालकाला, प्रतिस्पर्ध्याला आणि प्रेक्षकाला. ट्रॅक्टरच्या बाबतीत ते लक्षण अश्वशक्ती मानले गेले, आणि येथेच घोटाळा झाला. अश्वशक्ती डोळ्यांना दिसत नाही. ती बॉनेटवर लिहिलेली असते आणि लिहिणारा उत्पादक असतो. बैलाचा दात आणि ट्रॅक्टरचा स्टिकर यांत एवढा फरक आहे.

कायद्याच्या बाजूनेही एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. बैलगाडा शर्यत, कंबळ आणि जल्लिकट्टू यांसाठी महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडू यांनी केलेले कायदे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवले. त्यामुळे परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, धावपट्टीची लांबी अशा अटींची चौकट उभी राहिली. ट्रॅक्टरच्या स्पर्धेत जनावर नाही, म्हणून ती चौकट लागू होत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना वेगाच्या शर्यती लावण्याला बंदी घालते आणि कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मज्जाव करते. पण शेतात भरलेल्या ओढ स्पर्धेचे नियम काय असावेत, याबद्दल ही कलमे काहीच सांगत नाहीत.

एक एचपी, अनेक अर्थ

अश्वशक्ती हे माप जेम्स वॉटने वाफेचे इंजिन विकताना रूढ केले. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती, आजच्या हिशेबात सुमारे ७४६ वॅट. युरोपात रूढ झालेली मेट्रिक अश्वशक्ती थोडी लहान, म्हणजे ७३५.५ वॅट. त्यामुळे मेट्रिक मापातील ५० अश्वशक्ती ब्रिटिश मापात ४९.३ भरते. हा फरक दीड टक्क्याच्याही आत असला तरी एका मॉडेलच्या माहितीपत्रकात एक माप आणि दुसऱ्याच्यात दुसरे असेल, तर तुलना तिथेच वाकडी होते.

खरा फरक मात्र माप कोठे घेतले यात आहे. ट्रॅक्टरची शक्ती तीन ठिकाणी मोजता येते. पहिले ठिकाण म्हणजे इंजिन. प्रयोगशाळेत इंजिन सुटे ठेवून, कधी पंखा आणि अन्य जोडणी काढून मोजले तर आकडा सर्वांत मोठा येतो. दुसरे ठिकाण पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा, रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवणारा दांडा. तेथे पोहोचेपर्यंत गिअर आणि अन्य घर्षणात साधारण १० ते १५ टक्के शक्ती खर्ची पडते. तिसरे ठिकाण ड्रॉबार, म्हणजे जेथे नांगर किंवा ट्रॉली जोडतात. तेथे चाकाची घसर आणि जमिनीचा प्रतिकार यांमुळे आणखी घट होते. काँक्रीटवर ती कमी, नांगरलेल्या रानात पुष्कळ जास्त. म्हणून ४५ अश्वशक्तीचा म्हणून घेतलेला ट्रॅक्टर पीटीओवर ३८ ते ४० भरला, तर त्यात फसवणूक असेलच असे नाही. दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

हवामानाचाही हिशेब आहे. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनाची शक्ती उंचीबरोबर विरळ होत जाणाऱ्या हवेमुळे दर १०० मीटरला साधारण एक टक्का घटते. म्हणजे पणजीच्या किनाऱ्यावर ४५ अश्वशक्ती देणारे असे इंजिन हैदराबादच्या पठारावर दोनेक अश्वशक्ती कमी देईल. वैशाखातल्या उन्हात ती आणखी उतरेल. शेजारच्या टर्बोयुक्त ट्रॅक्टरला हा फटका फारसा बसत नाही. बॉनेटवरचा आकडा दोघांचा सारखा असला तरी मैदानातली लढत सारखी राहत नाही.

हे सारे मोजण्याची व्यवस्था देशात नाही असे नाही. मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ मध्ये सुरू झालेली केंद्रीय संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते. दक्षिण भारतासाठी आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात गारलादिन्ने येथे तशीच संस्था आहे. भारतीय मानक संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीनुसार पीटीओला डायनॅमोमीटर जोडतात. हे यंत्र फिरत्या दांड्याला मोजून मापून अडवते आणि त्या अडवणुकीविरुद्ध दांडा किती पिळाने व किती फेऱ्यांनी फिरतो त्याची नोंद ठेवते. पीळ आणि फेरे यांच्या गुणाकारातून शक्ती निघते. कमाल शक्ती क्षणभर नव्हे, तर दोन तास सलग मिळते का ते पाहतात. भारतीय उन्हाळ्याचा विचार करून उष्ण हवेतही चाचणी होते. काँक्रीटच्या मार्गावर ड्रॉबारची ओढ मोजतात आणि चाक १५ टक्क्यांहून अधिक घसरले तर ती ओढ ग्राह्य धरत नाहीत. या चाचण्यांचे अहवाल इंग्रजीत आणि तांत्रिक भाषेत असतात. विक्रेत्याच्या दालनात बसलेल्या शेतकऱ्यापर्यंत मात्र त्यातील एकही आकडा क्वचितच पोहोचतो.

ओढ कशावर ठरते

समजा, सर्व ट्रॅक्टरांची पीटीओ शक्ती प्रामाणिकपणे मोजली. मग स्पर्धा न्याय्य होईल का? पूर्णपणे नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे.

दोन टन वजनाचा, मागची दोन चाके ओढणारा ट्रॅक्टर घ्या. ओढताना त्याच्या मागच्या चाकांवर साधारण दीड टन भार येतो असे धरू. कोरड्या, घट्ट मातीवर टायरची पकड त्या भाराच्या सुमारे ६० टक्के धरली, तर तो जास्तीत जास्त ९०० किलोची ओढ देऊ शकेल. त्यापुढे इंजिनाने कितीही जोर केला तरी चाक जागीच फिरेल. आता ही ९०० किलोची ओढ ताशी अडीच किलोमीटर वेगाने द्यायची असेल, तर ड्रॉबारवर लागणारी शक्ती सुमारे आठ अश्वशक्ती भरते. तीच ओढ ताशी दहा किलोमीटर वेगाने द्यायची झाली, तर तेहतीस लागतात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. हळू चालणाऱ्या टोचनात ३५ अश्वशक्तीचा आणि ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, वजन आणि टायर सारखे असतील तर, जवळपास बरोबरीचे ठरतात, कारण दोघांच्याही इंजिनाची बरीचशी शक्ती वापरलीच जात नाही. तेथे जिंकते ते वजन. म्हणूनच जाणकार स्पर्धक टायरमध्ये पाणी भरतात, चाकांना लोखंडी वजने जोडतात, नवे खोल नक्षीचे टायर चढवतात. वेगाने भार ओढून नेण्याच्या स्पर्धेत मात्र इंजिन निर्णायक ठरते, आणि तेथे दुसरी क्लृप्ती चालते : इंधन पंपाचे सील तोडून डिझेलचा पुरवठा वाढवणे, गव्हर्नर सैल करून फेरे वाढवणे, बाहेरून टर्बो बसवणे. धुराचा काळा लोट निघतो आणि बॉनेटवर ४५ लिहिलेला ट्रॅक्टर प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच वरच्या गटाचा होतो.

तिसरी गोष्ट जोडणीच्या उंचीची. साखळी जितकी वर बांधाल तितका पुढच्या चाकांवरचा भार मागच्या चाकांवर येतो आणि पकड वाढते. मात्र ती मागच्या आसाच्या रेषेच्या वर गेली, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकासह मागे उलटू शकतो. अन्याय आणि अपघात यांची मुळे येथे एकत्र येतात. नियम नसलेल्या मैदानात जिंकण्याचा सोपा मार्ग आणि जीव गमावण्याचा मार्ग एकच असतो.

पंजाबने याची किंमत मोजली आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गुरदासपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या कसरतीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि राज्य सरकारने ट्रॅक्टर व संबंधित अवजारांच्या धोकादायक कसरतींवर बंदी घातली. तरीही जून २०२४ मध्ये फगवाड्याजवळ भरवलेल्या ट्रॅक्टर शर्यतीत ट्रॅक्टर प्रेक्षकांत घुसून माणसे जखमी झाली. बंदीचा आदेश काढणे सोपे असते. लोकांच्या आवडीचा खेळ त्याने थांबत नाही, फक्त परवानगी, रुग्णवाहिका आणि पंच यांच्यापासून दूर जातो.

अमेरिकेचा धडा

या दोन्ही प्रश्नांना, म्हणजे विक्रीतल्या आकड्याला आणि मैदानातल्या न्यायाला, अमेरिकेने शंभर वर्षांपूर्वीपासून वेगवेगळी उत्तरे शोधली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे ट्रॅक्टर कंपन्यांचे पेव फुटले होते. नेब्रास्का राज्यातील विल्मोट क्रोझियर या शेतकऱ्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता, मिनियापोलिस येथील एका कंपनीने ते नाव वापरले होते. तो ट्रॅक्टर कामाचा निघाला नाही. दुसऱ्या कंपनीचा घेतला, तोही तसाच. तिसरा, रुमेली कंपनीचा, मात्र सांगितल्यापेक्षा अधिक काम देणारा ठरला. क्रोझियर विधिमंडळावर निवडून गेले आणि १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदा केला : राज्यात विकायच्या प्रत्येक मॉडेलची विद्यापीठात चाचणी झाली पाहिजे आणि निकाल जाहीर झाला पाहिजे. १९२० मध्ये चाचण्या सुरू झाल्या. एका छोट्या कृषिप्रधान राज्याच्या या कायद्याने साऱ्या देशाच्या बाजाराला शिस्त लावली, कारण निकाल छापून सर्वांच्या हाती पडत होते. पुढे १९५९ मध्ये युरोपात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय ट्रॅक्टर चाचणी संहितांमागेही हाच विचार होता. भारतही आज त्या संहितांच्या व्यवस्थेत सहभागी आहे.

ट्रॅक्टर ओढ स्पर्धेचा इतिहासही तिकडे १९२९ पासूनचा आहे. सुरुवातीला ट्रॅक्टर सपाट फळ्यांची घसरगाडी ओढत पुढे जाई आणि वाटेत उभी असलेली माणसे एकेक करून तिच्यावर चढत. भार वाढत वाढत शेवटी ट्रॅक्टर थांबे. माणसाच्या वजनाचा आणि चढण्याच्या वेळेचा भरवसा नसल्याने ही रीत अन्याय्यही होती आणि घातकही. तिच्या जागी यांत्रिक घसरगाडी आली. ट्रॅक्टर जसजसा पुढे जातो तसतशी तिच्यावरची वजनाची पेटी मागून पुढे सरकते आणि ओढ वाढत जाते. प्रत्येक स्पर्धकापुढे तोच भार त्याच क्रमाने येतो. ३०० फुटांचे अंतर पार केले की पूर्ण ओढ मानतात. १९६९ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती मुख्यतः प्रत्येक जत्रेतले वेगवेगळे नियम एकसारखे करण्यासाठीच.

त्या नियमांतील एक गोष्ट आपल्या चर्चेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तेथे गट मुळात अश्वशक्तीवर पाडत नाहीत. ते वजनावर पडतात, चालकासह तोललेल्या वजनावर. त्याला इंजिनाचा प्रकार, टायरचा आकार, जोडणीची कमाल उंची आणि फेऱ्यांची मर्यादा यांची जोड असते. स्थानिक पातळीवर शेतातल्या रोजच्या ट्रॅक्टरांचे जे गट असतात, त्यांत काही ठिकाणी पीटीओवर डायनॅमोमीटर लावून शक्तीची मर्यादाही तपासतात. घसरगाडीपासून ट्रॅक्टर सुटला तर इंजिन आपोआप बंद करणारी दोरी बांधणे बंधनकारक असते. जे मोजायला सोपे आणि लपवायला कठीण, ते आधी, आणि जे मोजायला कठीण, ते यंत्राने, हा त्यामागचा क्रम आहे. बैलाचे दात पाहणाऱ्या तेलुगू पंचाला हा विचार लगेच पटेल.

अनुदान, धूर आणि आकडा

आता मैदानाबाहेर येऊ. देशात वर्षाला लाखो ट्रॅक्टर विकले जातात आणि सर्वाधिक विक्री ४१ ते ५० अश्वशक्तीच्या गटात होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही सवलत छोट्या ट्रॅक्टरलाही मिळाली आणि मोठ्यालाही. मात्र सरकारच्या इतर नियमांत आकडा निर्णायक ठरतो, आणि तेथे प्रत्येक नियमाची अश्वशक्ती वेगळी आहे.

कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानात ट्रॅक्टरवरील अनुदानाचे टप्पे पीटीओ अश्वशक्तीवर ठरतात : ८ ते २०, २० ते ४० आणि ४० ते ७०. प्रदूषणाचा नियम इंजिनाच्या शक्तीवर ठरतो. १ जानेवारी २०२३ पासून ३७ किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे ५० अश्वशक्तीच्या वरील ट्रॅक्टरांना ‘ट्रेम ४’ हे कडक मानक लागू झाले. त्यासाठी इंजिनाची रचना बदलावी लागते आणि किंमत वाढते. दालनातल्या फलकावरचा आकडा मात्र बहुधा ‘अमुक एचपी श्रेणी’ अशा सैल भाषेत असतो. ४५ अश्वशक्तीच्या श्रेणीतला ट्रॅक्टर अनुदानाच्या कागदावर चाळिशीच्या आतला ठरू शकतो, आणि दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर असतात.

अशा रचनेत प्रोत्साहन उलटसुलट होते. ग्राहकाला भुरळ घालण्यासाठी आकडा मोठा दिसावा आणि नियमाच्या रेषेखाली राहण्यासाठी तो लहान असावा, असे दोन्ही दबाव एकाच वेळी उत्पादकावर येतात. यात कोणा कंपनीवर आरोप करण्याचे कारण नाही. एकाच शब्दाला तीन अर्थ ठेवले की प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ उचलतो, हा व्यवहाराचा नियम आहे. नुकसान होते ते ज्याला तिन्ही अर्थ कोणी समजावून सांगितलेले नसतात त्याचे. सहा फुटी रोटाव्हेटर चालेल म्हणून घेतलेला ट्रॅक्टर काळ्या जमिनीत दम टाकू लागला की तो शेतकरी पंप ‘वाढवून’ घेतो. मग डिझेल जास्त जाते, इंजिन तापते, हमी रद्द होते. स्पर्धेतल्या फेरफाराची सवय पुष्कळदा अशी शेतातूनच सुरू होते.

राष्ट्रीय धोरणही या ढोबळपणापासून मुक्त नाही. प्रति हेक्टर किती शक्ती उपलब्ध आहे, यावर देशाच्या यांत्रिकीकरणाची प्रगती मोजतात. २०३० पर्यंत हेक्टरी ४ किलोवॅटचे उद्दिष्ट सांगितले जाते. या गणनेत माणसाचे ०.०५ किलोवॅट, ओढकामाच्या जनावराचे ०.३८, पॉवर टिलरचे ५.६ आणि ट्रॅक्टरचे २६.१ किलोवॅट अशी सरासरी धरण्याची पद्धत आहे. म्हणजे जहीराबादहून निघालेला २० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि पंजाबातला ६० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर या हिशेबात सारखेच, ३५ अश्वशक्तीचे. ढोबळ अंदाजासाठी हे चालते. पण त्यावरून कोणत्या राज्याला किती यंत्रे हवीत हे ठरू लागले, तर लहान शेतांच्या प्रदेशाचे चित्र चुकीचे उमटते.

गोव्याला याचे काय?

गोव्यात शेताचे तुकडे लहान, खाजन जमिनी मऊ आणि बांध अरुंद. येथे पॉवर टिलर आणि छोटा ट्रॅक्टर हीच कामाची यंत्रे. खाजनाच्या चिखलात जड ट्रॅक्टर रुतून बसतो. तेथे शक्तीपेक्षा हलके वजन आणि योग्य चाके महत्त्वाची. कोरड्या मैदानातील टोचनात जे वजन जिंकवते, तेच वजन खाजनात बुडवते. म्हणून ‘किती एचपीचा?’ हा एकच प्रश्न विचारणारा गोमंतकीय शेतकरी आपल्या जमिनीसाठी चुकीचे यंत्र घेण्याची शक्यता अधिक.

दुसरा धागा धिरयोचा. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्वदच्या दशकात त्यावर बंदी आली, तरी झुंजी चोरून होत राहिल्या आणि त्या कायदेशीर कराव्यात ही मागणी विधानसभेत अधूनमधून उठते. जोराच्या स्पर्धेचे आकर्षण समाजात आहे, हे त्यातून दिसते. शेजारच्या बेळगाव भागातून ट्रॅक्टरच्या स्पर्धांचे वारे गोव्यात यायला फार वेळ लागणार नाही. ते आल्यावर अपघात, मग बंदी, मग चोरून खेळ, हा पंजाबचा क्रम गिरवण्यापेक्षा आधीच नियम ठरवणे शहाणपणाचे.

ते नियम अवघड नाहीत. चालकासह ट्रॅक्टर वजनकाट्यावर तोलावा आणि गट वजनावर पाडावेत. वजनकाटा आज प्रत्येक बाजारपेठेच्या गावाजवळ सापडतो. टायरचा आकार आणि जोडणीची कमाल उंची ठरवून द्यावी, ती मोजायला फूटपट्टी पुरते. इंधन पंपाचे सील शाबूत असल्याशिवाय मैदानात प्रवेश नसावा. भार एकाच यांत्रिक घसरगाडीने द्यावा आणि दोन ट्रॅक्टर एकमेकांना बांधणे बंद करावे. राहता राहिली अश्वशक्ती. त्यासाठी पीटीओला जोडायचे फिरते डायनॅमोमीटर लागते. कृषी विद्यापीठे आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी असे एक यंत्र जिल्ह्यागणिक उपलब्ध केले, तर स्पर्धेच्या दिवशी ते पंचाचे काम करील आणि वर्षाचे उरलेले दिवस शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची तब्येत तपासील. स्पर्धेपूर्वी मोजणी आणि विजेत्याची स्पर्धेनंतर पुन्हा मोजणी, एवढ्याने बहुतेक क्लृप्त्या थांबतील.

सरकारकडून अपेक्षा त्याहून साधी आहे. चाचणीचा अहवाल आधीच तयार असतो. त्यातील चार आकडे, म्हणजे पीटीओवरील कमाल शक्ती, ड्रॉबारवरील कमाल ओढ, वजन आणि तासाला लागणारे डिझेल, प्रत्येक ट्रॅक्टरवर आणि दालनात स्थानिक भाषेत लावणे बंधनकारक करावे. विजेच्या पंख्यावर आणि फ्रिजवर ताऱ्यांचे लेबल लावायला आपण शिकलो. आठ-दहा लाखांच्या यंत्रावर ते नसावे, याला कोणतेही तांत्रिक कारण नाही. अनुदान ज्या अश्वशक्तीवर मिळते, तीच अश्वशक्ती बॉनेटवर लिहिली गेली, तर तीन अर्थांचा घोळ एका फटक्यात निम्मा होईल.

नेब्रास्काच्या कायद्याला शंभर वर्षे उलटून गेली. तो एका फसलेल्या शेतकऱ्याच्या चिडीतून जन्मला, पण टिकला तो निकाल सर्वांसमोर ठेवण्याच्या नियमामुळे. हैदराबादच्या रस्त्यांवर कोट्यवधींच्या मोटारींची शक्ती तपासण्याइतकी काटेकोर व्यवस्था काही तासांसाठी उभी राहू शकली. तिथून शंभर किलोमीटरवर तयार होणाऱ्या आणि आयुष्यभराची बचत घालून घेतलेल्या ट्रॅक्टरच्या मालकालाही आपल्या यंत्राची खरी शक्ती कळण्याचा तेवढाच हक्क आहे. मैदानातला न्याय त्यानंतर आपोआप सोपा होईल.